कंपनीचा माणूस म्हणून आला आणि रबरी रिंगचे 3400 घेऊन गेला

चिंचवडला आई-बाबांच्या ओट्यावरचा मिक्सर नळ गळायला लागला. बाबांनी गुगलवर नळाच्या कंपनीचं नाव आणि ‘सर्व्हिस सेंटर’ टाकलं, वरच दिसला तो नंबर फिरवला. बाई गोड बोलली, तक्रार क्रमांक दिला आणि नोंदणीचे दहा रुपये लिंकवरून भरा म्हणाली. बाबा अनोळखी लिंक उघडत नाहीत, म्हणून ते वाचले. अशा लिंकवरून फोनमध्ये ॲप घुसवून खातं रिकामं करतात. कुणाचं तसं झालंच तर आधी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, बाकीचं नंतर.

दुपारी माणूस हजर. गळ्यात ओळखपत्र, त्यावर नुसतं ‘टेक्निशियन’. नळाकडे बघितलं न बघितलं आणि म्हणाला, “काका, कार्ट्रिज गेलंय. आत्ता बदला, नाहीतर बॉडी जाईल.”

आता नळ गळत कुठून होता ते सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. नळ बंद असताना तोंडातून थेंब पडत नव्हता. चालू केला की ज्या सांध्यावर मान डावी-उजवीकडे फिरते, तिथून पाणी झिरपून भिंतीवर उतरायचं. कार्ट्रिज म्हणजे दांड्याखालचा, आत सिरॅमिक चकत्या असलेला भाग. तो गेला तर नळ बंद करूनही टपटप थांबत नाही. सांध्यातून गळतंय म्हणजे तिथली रबरी ओ-रिंग झिजलीय. इतकं सरळ आहे.

पण त्याने लाल-निळं बटण उचकटलं, ॲलन कीने स्क्रू सैल करून दांडा काढला आणि कार्ट्रिज बाहेर काढलं. त्यावर क्षाराचा पांढरा थर होताच, आपल्याकडच्या पाण्याने कुठल्या नळावर नसतो? तोच थर नखाने खरवडून आईला दाखवला. “बघा काकू, काय अवस्था झालीय.” काकू घाबरल्या. नवं बसवलं ते साध्या पारदर्शक पिशवीतून, ना नाव ना एमआरपी. सांध्यावर मात्र गुपचूप ग्रीस फासलं. गळती थांबली, अर्थात तात्पुरती.

बिल कोऱ्या कागदावर: व्हिजिट 350, कार्ट्रिज 1950, ‘बॉडी सर्व्हिस’ 600, वर 18 टक्के जीएसटी. जीएसटी नंबर विचारला तर “तो ऑफिसमधून मेलवर येईल.” एकूण 3422, ‘तुमच्यासाठी’ 3400. यूपीआयला नाव आलं ते कुणा व्यक्तीचं, कंपनीचं नव्हेच. आणि जुनं कार्ट्रिज “कंपनीत जमा करावं लागतं” म्हणून खिशात घातलं. ते चांगलं होतं, आता दुसऱ्या कुणाकडे ‘ओरिजिनल’ म्हणून बसत असेल.

ग्रीस धुऊन गेलं आणि पाणी परत भिंतीवर. या वेळी मी वॉरंटी कार्डावरचा नंबर लावला. तिथे आमच्या नावाची तक्रारच नव्हती. वर कार्ट्रिज वॉरंटीत होतं, खरंच गेलं असतं तरी फुकट मिळालं असतं. ओट्याखालचे दोन्ही अँगल कॉक (नळाचं पाणी बंद करायच्या तोट्या) बंद करून मान काढली, रिंग नमुन्याला घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेलो. वीस रुपयांत जोडी. बसवायला बाबाच पुरे झाले.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली आहे; कागदावर पत्ताच नसल्याने पैसे परत येण्याची आशा कमीच. परवा मी त्या जुन्या नंबरवर मुद्दाम फोन केला. तीच बाई, तोच गोडवा: “बोला सर, फ्रिज की वॉशिंग मशीन?”