बॉम्बे टॉकीज की लस्ट स्टोरीज? एकच रात्र मोकळी असेल तर

दोन्ही चित्रपट चार वेगवेगळ्या छोट्या कथांचे, आणि दोन्हीकडे दिग्दर्शक तेच चौघं: करण जोहर, दिबाकर बॅनर्जी, झोया अख्तर, अनुराग कश्यप. 'बॉम्बे टॉकीज' २०१३चा, 'लस्ट स्टोरीज' २०१८चा. चार जणांचा सिनेमा म्हटल्यावर कमी-जास्त होणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

सरासरी काढली तर 'लस्ट स्टोरीज' बहुधा सरस ठरेल. झोयाच्या कथेत भूमी पेडणेकर फरशी पुसते, पाहुण्यांसाठी चहा घेऊन येते, जवळजवळ बोलतच नाही. आणि ज्याच्या घरी काम करते त्याचं लग्न तिच्यासमोर ठरतं. दिबाकरची मनीषा कोईरालाही तशीच, आवाज न चढवता पोचणारी. कश्यपच्या कथेत आकाश ठोसर गोड आहे, पण राधिका आपटेचं कॅमेऱ्याशी बोलणं मला फार लांबलेलं वाटलं.

मला खटकलं ते वेगळंच. दिवाळी अंकात एखादी कथा आत उतरली की अंक पालथा घालून बसता येतं. इथे भूमीचा चेहरा डोळ्यांसमोरून हलायच्या आत पुढची कथा सुरू. मनीषानंतर तर थेट करण जोहरची धमाल. विकी कौशल आणि कियारा अडवाणीची ती गोष्ट वाईट नाही, पण तिची जागा चुकली असं मला वाटतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबा खाताना सगळे त्या रिमोटच्या प्रसंगावरच हसत होते. भूमीचं नाव मीच काढलं, तर एकजण म्हणाला, "हो, तीपण होती ना त्यात."

'बॉम्बे टॉकीज'मध्ये चढउतार जास्तच आहेत. कश्यपची 'मुरब्बा' रेंगाळते, आणि शेवटचं फिल्मी ताऱ्यांचं गाणं नसतं तरी चाललं असतं. पण दुसरी कथा दिबाकरची 'स्टार', सत्यजित राय यांच्या कथेवरची. नवाजुद्दीनचा चाळीतला पुरंदर, ज्याला एका शूटिंगमध्ये छोटंसं काम मिळतं, घरात पाळलेला तो इमू, मध्येच येऊन त्याला सुनावणारे सदाशिव अमरापूरकर. शेवटी तो लेकीला दिवसभराची गोष्ट करून दाखवतो, तेव्हा शब्द ऐकूच येत नाहीत.

आम्ही पाहिला तेव्हा मध्यंतर नेमकं तिथेच झालं. दिवे लागले, लोक समोशांकडे गेले, बाबा मात्र खुर्चीतच बसून होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आमच्या चाळीत असा एक होता रे. नाटकात एकच वाक्य मिळालं होतं त्याला." मग ते वाक्य त्यांनी मला म्हणून दाखवलं.

तुमची आवड वेगळी असू शकते. पण 'बॉम्बे टॉकीज' लावलात तर 'स्टार' संपल्यावर तिथेच थांबवा आणि चहा ठेवा. पुढची झोयाची कथा दहा मिनिटांनी सुरू केली तरी चालेल.