दगडापासून वाचवलं, पाण्यानं गाठलं: डिझेल फिल्टरची प्लेट आणि प्री-फिल्टर, 11 महिन्यांनंतर

गेल्या जूनमध्ये काटोलकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेतून परत येताना पांदणीत एक दगड उडाला आणि फिल्टरच्या बुडाशी असलेला, साठलेलं पाणी काढायचा ड्रेनचा प्लॅस्टिक बोल्ट तिरपा करून गेला. मोटारीच्या खोलीतली साबणाची वडी मळून तिथं दाबली आणि टपटप थांबवत गाडी नागपूरला आणली. कशी आणली, ते घरी अजून सांगितलेलं नाही.

गाडी 2015 ची, डिझेल, फोर बाय फोर. तिचा फिल्टर बॉनेटखाली नाही. चासीच्या डाव्या पट्टीला बाहेरून लटकवलेला आहे, मागच्या चाकाच्या थोडा पुढे. सीताबर्डी ते वर्धा रोड एवढंच फिरणाऱ्याला तो कुठं आहे हे जन्मभर कळणार नाही. मुरूम आणि काळी माती तुडवणाऱ्याला पहिल्याच पावसात कळतं.

नवा फिल्टर, ड्रेनचा बोल्ट आणि त्यातच असलेला पाण्याचा सेन्सर, सगळं बदललं आणि हिंगणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून 3 मिमी लोखंडी पत्र्याची प्लेट करून घेतली. 1,700 रुपये. प्लेट कसली, पेटीच ती. तीन बाजूंनी बंद, खालूनही बंद. चासीला वेल्डिंग करू दिलं नाही, तेवढी अक्कल होती. शेजारून डिझेलची लाइन जाते, आणि बॅटरी न काढता वेल्डिंग मारलं तर इंजिनाचा कॉम्प्युटर जाऊ शकतो. म्हणून चासीत आधीच असलेल्या भोकांतच चार बोल्ट टाकले. वाडीला ट्रकची कामं करणारा आमचा मिस्त्री खाली वाकून बघत राहिला आणि म्हणाला, “भाऊ, पेटी तं मजबूत बनवली तुम्ही. पण पानी काढाल कुठून?”

मी हसलो. दगडाची भीती डोक्यात होती, पाणी कोणाला आठवतं.

पोळ्याच्या दोन दिवस आधी बैलांचा साज घेऊन बागेकडे निघालो. कळमेश्वर सोडलं आणि डॅशबोर्डवर फिल्टरचा पिवळा दिवा लागला. थोड्या वेळानं गाडी 60 च्या वर जाईना. पाय दाबला की नुसता आवाज, ओढ नाही. एका पंक्चरच्या दुकानासमोर उभी केली, पाना मागून घेतला आणि भर पावसात पेटी उघडायला बसलो. आत दोन महिन्यांची काळी माती ठासून भरलेली, विटेसारखी. बोल्टची डोकीच सापडेनात. ड्रेन मोकळा करायला पाऊण तास लागला. जे काम एरवी दोन मिनिटांचं, हातानं बोल्ट सैल करण्याचं, ते माझ्याच पेटीनं असं करून ठेवलं होतं. वर मातीतल्या ओलीनं नव्या फिल्टरच्या डब्याला गंज धरलेला, तो वेगळाच.

पाण्याच्या बाटलीत काढलं तेव्हा खाली तीन बोटं स्वच्छ पाणी आणि वर डिझेल. डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं, लिटरला साधारण 820 ते 850 ग्रॅम, म्हणून पाणी तळाला जातं आणि फिल्टरच्या बुडाशी साठतं. तिथं सेन्सरच्या दोन पिना असतात. डिझेलमधून वीज जात नाही, पाण्यातून जाते, दिवा लागतो. साधं गणित आहे. पण ते पाणी वेळेवर काढलं नाही तर पुढे हाय प्रेशर पंप आणि नोझल. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे जिथं सगळ्या नोझलना एकाच पाइपातून (रेलमधून) डिझेल जातं तिथं, दाब 1,600 बारच्या आसपास जातो आणि त्या पंपाला वेगळं ऑइल नसतं. डिझेलच त्याचं वंगण. त्या जागी पाणी आलं की धातूवर धातू घासतो. पंप आणि चार नोझलचा खर्च मिस्त्रीनं तोंडी सांगितला, तो इथं लिहीत नाही. पोळा होता, मूड खराब करायचा नव्हता.

आता पाणी आलं कुठून? माझा पहिला संशय अर्थातच पेट्रोल पंपावर. बाटली घेऊन तावातावानं गेलो. मॅनेजर शांत माणूस. त्यानं माझ्यासमोर हायड्रोमीटर टाकून घनता मोजली, ती त्या दिवशीच्या नोंदीशी जुळली. मग टाकीत टाकायच्या पट्टीच्या टोकाला पाणी ओळखायची पेस्ट लावून दाखवली. पाणी लागलं की तिचा रंग बदलतो. बदलला नाही. मी बाटली पिशवीत घातली आणि टाकी फुल करून निघालो. भरपाई म्हणून एवढंच सुचलं.

पाणी आमच्याच घरचं होतं. बागेत ट्रॅक्टरसाठी 200 लिटरचा ड्रम ठेवतो आणि कधीमधी त्यातलं वीस लिटर मी गाडीत घालत असे. ड्रम पत्र्याच्या शेडमध्ये उभा, पण शेडचा पत्रा एका बाजूनं गळका. ड्रमच्या वरच्या कडेच्या आत पाणी साचतं, बूच त्याच पाण्यात बुडालेलं राहतं. दिवसा ड्रम तापतो, आतली हवा फुगून बाहेर जाते. रात्री गार झाला की तो श्वास आत ओढतो आणि बुचाच्या आट्यांतून पाणी आत खेचतो. बूच कितीही आवळा. मी तळातून पाइप टाकून काढलं तर पाणी आणि त्यावर काळपट शेवाळासारखा चिकट थर. डिझेल आणि पाणी जिथं भेटतात तिथं जंतू वाढतात, त्यांची ती घाण.

मोठ्या चुलतभावाला दाखवलं तर म्हणतो, “पण ट्रॅक्टर तं चालूनच राह्यला याच्यावर!” चालतो, खरं आहे. त्याच्या जुन्या नोझलला दोनेकशे बारचा दाब पुरतो. माझ्या गाडीचे लाड वेगळे. ड्रम आता आडवा, लाकडी ओंडक्यांवर, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत आणि आतून डिझेलखाली राहतील असा. शेडचा पत्राही शेवटी बदलला, तीन वर्षं नुसती चर्चा चालली होती.

सप्टेंबरमध्ये दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे पेटी कापून घेतली. मागची बाजू पूर्ण उघडी, खाली ड्रेनच्या बोल्टसमोर चार बोटं आत जातील एवढं गोल भोक, बाजूला माती पडायला दोन लांब फटी, आणि सेन्सरची वायर जिथं पत्र्याला घासत होती तिथं रबरी बुश. फॅब्रिकेटरनं 300 रुपये घेतले आणि “मी तेव्हाच म्हटलं होतं” असं म्हणाला. म्हटलं नव्हतं.

दुसरी, टाकी आणि मूळ फिल्टरच्या मध्ये प्री-फिल्टर. पाणी वेगळं करणारा, खाली पारदर्शक वाटी, 30 मायक्रॉनचा. बसवणीसह 6,200. दुकानदार मला 2 मायक्रॉनचा ‘जास्त भारी’ म्हणून देत होता. घेऊ नका. टाकीकडचा फिल्टर जाड आणि त्यानंतरचा मूळचा बारीक, हाच क्रम. बारीक आधी लावला तर तोच आधी चोंदतो आणि इंजिनाला ओढून प्यावं लागतं. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून 30 म्हणजे किती ते समजा. बाकीचं बारीक काम मूळ फिल्टर करतोच. वाटी चासीच्या पट्टीच्या आतल्या बाजूला, पट्टीच्या खालच्या कडेच्या वर ठेवली. टॉर्च मारला की चाकाच्या कमानीतून दिसते.

पहिल्या महिन्यात वाटीतून दोन चमचे पाणी निघालं. टाकीच्या तळाचं जुनं असणार. पुढच्या महिन्यात थेंबभर. दिवाळीनंतर काहीच नाही. ह्या वाटीवर मी खूश आहे ते ह्याच कारणानं. मूळ फिल्टर दिवा लागल्यावर बोलतो, ही त्याआधी दाखवते.

पण तिनं एक डोकेदुखी दिली. डिसेंबरात थंडी पडली आणि सकाळी सेल्फ मारत बसायची वेळ आली. तीनदा, चारदा, मग चालू. बाहेर कुठं गळती नाही. ह्या गाडीच्या टाकीत पंप नाही, इंजिनच डिझेल ओढतं. त्यामुळे जोड सैल असला तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. वाडीच्या मिस्त्रीनं फिल्टरनंतर हातभर पारदर्शक पाइप तात्पुरता जोडला. चालू केल्यावर बुडबुडे पळताना दिसले, गाडीनं हवा घेतलेली. प्री-फिल्टरच्या आउटलेटची क्लिप साधी, पट्ट्याची. पाइपला एका जागी चिरत होती, दुसरीकडे सैल. गोल, बोल्टवाल्या क्लिपा टाकल्या, साठ रुपयांत काम. बसवणाऱ्यानं हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

एप्रिलमध्ये मूळ फिल्टर घरीच बदलला. मॅन्युअल 20,000 किमी म्हणतं, मी 10,000 ला बदलतो. पहाटे साडेपाचला, कारण नंतर अंगणातली फरशी तापते आणि त्या वाफेत डिझेल उघडं ठेवायची हौस नाही. हँडब्रेक, चाकाला ओंडका, जॅकवर भरवसा नाही म्हणून गाडीखाली घोडीचा टेकू. आधी पाण्यानं आणि ब्रशनं बाहेरची माती काढली, हे सगळ्यात महत्त्वाचं. नाहीतर जी घाण अडवायला फिल्टर आहे तीच उघड्या तोंडातून आत जाते. नव्याच्या रबरी ओ-रिंगला डिझेलचं बोट, मग हातानं घट्ट. पाना फक्त जुना काढायला. जुनी ओ-रिंग वरच चिकटून राहिली होती, नखानं काढली. ती तशीच राहून दोन झाल्या असत्या तर तिथून परत हवा. नव्या फिल्टरमध्ये मधल्या मोठ्या भोकातून डिझेल भरू नका, ती स्वच्छ बाजू आहे. मी कोराच लावला आणि हँड प्राइमर, म्हणजे डिझेल ओढून हवा काढायचा हातपंप, दाबत बसलो. साठ-सत्तर दाब, मग तो दगडासारखा कडक झाला. दुसऱ्या सेल्फला गाडी चालू. रेलच्या पाइपाचे नट सैल करून हवा काढायचा जुना उपाय ह्या इंजिनावर कोणी सांगितला तर ऐकू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं.

जुना फिल्टर करवतीनं कापून पाहिला. कागदाच्या घड्या काळ्या, पण गंजाचा कण नाही, बुडाशी पाणी नाही. ऑगस्टमध्ये काढलेला फिल्टर कापला होता तेव्हा कागद फुगून घड्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या.

प्लेटवर 11 महिन्यांत दोन पोचे आलेत. एक ड्रेनच्या भोकापासून दोन बोटांवर, म्हणजे नेम थोडा चुकला. प्लॅस्टिकची वाटी उन्हानं आणि डिझेलनं पिवळी पडायला लागली आहे. मृगाच्या आधी ॲल्युमिनियमची लावणार. आत दिसणार नाही, मग दर पंधरा दिवसांनी ड्रेन सैल करून बघावं लागेल. चुलतभावाला ट्रॅक्टरसाठी ती पिवळी वाटी हवी आहे. फुकट.