क्ष मांडायचा की तोंडी सोडवायचं?

फोंड्यात माझ्याकडे शिकवणीला येणारी बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली असतात आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात. दहावीचं वर्ष लागलं की पालक विचारतात, "घरी आम्ही तोंडी हिशेब करून घेतो, शाळेत समीकरणं मांडायला लावतात. मुलानं कुठली रीत धरावी?"

५० नारळ घ्या. मोठा ४० रुपयांना, लहान ३० रुपयांना, सगळे मिळून १,७८० रुपये. मोठे किती? तोंडी करायचं तर सगळेच लहान धरायचे, म्हणजे १,५०० झाले. वर राहिले २८०. एक लहान काढून त्या जागी मोठा ठेवला की १० वाढतात. म्हणून मोठे २८, लहान २२. आता समीकरण: मोठे क्ष, लहान य, म्हणून क्ष + य = ५० आणि ४०क्ष + ३०य = १,७८०. पहिल्याला ३० ने गुणून दुसऱ्यातून वजा केलं की १०क्ष = २८०. इथेही तोच २८० आला! तोंडी करणाऱ्या मुलाला हे २८० कशाचे ते कळतं. नुसतं समीकरण पाठ केलेल्याला विचारा, बहुतेक वेळा तो गप्प बसतो.

तरीही दहावीच्या उत्तरपत्रिकेत मी समीकरणच लिहायला सांगते. शेवटी आकडा चुकला तरी मांडणीचे गुण मिळतात, नुसत्या तोंडी उत्तराला ती सोय नाही. शिवाय तोंडी रीत एका टप्प्यावर अडते. परसातल्या वाफ्याची लांबी रुंदीपेक्षा २ मीटर जास्त आणि क्षेत्रफळ ५० चौरस मीटर असेल, तर अंदाजानं किती आकडे लावणार? क्ष(क्ष + २) = ५०, दोन्हीकडे १ मिळवला की (क्ष + १)² = ५१. रुंदी साधारण ६.१४ मीटर. हे क्षशिवाय हाती लागत नाही. तेव्हा आठवी-नववीत आधी तोंडी, दहावीत कागदावर समीकरण आणि ताळा मात्र तोंडी.

भूमितीत निवड वेगळी आहे: प्रमेय की निर्देशांक (बिंदूची जागा दोन आकड्यांनी सांगायची). चौकोनाच्या चारही बाजूंचे मध्यबिंदू जोडले की समांतरभुज चौकोन होतो. एक कर्ण काढा. मध्यबिंदूच्या प्रमेयानं समोरासमोरच्या दोन रेषा त्या कर्णाला समांतर आणि त्याच्या निम्म्या, झालं सिद्ध! पण तो कर्ण काढायचं सुचायला हवं. निर्देशांकांत काही सुचावं लागत नाही, फक्त अक्षरांच्या गर्दीत चिन्ह चुकू द्यायचं नाही. वर्तुळाच्या स्पर्शिकांना मी प्रमेयच वापरायला लावते. उदाहरणात बिंदूच दिलेले असतील तर सरळ अंतराचं सूत्र.

सरासरीत मात्र मला शंका नाही. ६२, ६८, ७१, ६५, ७९ हे गुण. बेरीज ३४५, भागिले ५, उत्तर ६९. किंवा ६८ गृहीत धरा: −६, ०, ३, −३, ११, बेरीज ५, प्रत्येकी १. पुन्हा ६९. वर्गांतरांच्या (०–१०, १०–२० अशा गटांच्या) मोठ्या तक्त्यात ही दुसरी, म्हणजे गृहीतमध्य पद्धतच घ्यावी. आकडे लहान राहतात आणि चूक लगेच डोळ्यात येते. वर्ग सारख्या रुंदीचे असतील तर विचलनांना (गृहीत आकड्यापासूनच्या फरकांना) त्या रुंदीनं भागून काम आणखी हलकं होतं.

एक धोका तेवढा सांगून ठेवते. फोंड्याहून पणजी ३० किलोमीटर धरा. जाताना ताशी ६०, येताना ताशी ३०. सरासरी वेग किती? मुलं बिनधास्त ४५ लिहितात. जायला अर्धा तास, यायला एक तास. ६० किलोमीटर दीड तासात, म्हणजे ताशी ४०. इथे आधी वेळ मांडायची, मगच भागाकार.