मराठवाड्यात इलेक्ट्रिक एसयूव्ही: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरल्यानंतर

गाडी कॉम्पॅक्ट एसयूव्ही, 40 युनिटची (kWh) एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, बॅटरी, पुढच्या चाकांवर चालणारी. भेटणारा प्रत्येक जण आधी विचारतो, एका चार्जमध्ये किती जाते? त्याआधी विचारायला हवं की घरचा चार्जिंग पॉइंट कसा आहे. तो पक्का असेल तर आपल्या भागात ही गाडी बिनघोर चालते. नसेल तर रोजची कटकट.

सगळ्यात जास्त त्रास अर्थिंगचा. चार्जर वीज सोडण्याआधी अर्थिंग तपासतो. ते कच्चं असलं की फॉल्टचा लाल दिवा लावून गप्प बसतो. आपल्याकडे हे नेमकं एप्रिल-मेमध्ये होतं, कारण काळी माती वाळून भेगाळली की जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या रॉडभोवतीची पकड सुटते. पावसाळ्यात झकास चाललेला पॉइंट भर उन्हाळ्यात बंद पडतो आणि लोक गाडीला नावं ठेवतात. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज पाहा, तोही चार्जिंगइतका लोड चालू असताना. 2-3 व्होल्टच्या आत असला तर ठीक. जास्त दिसला तर गाडीसाठी वेगळा अर्थिंगचा खड्डा घ्या आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा त्यात दोन बादल्या पाणी ओता. काही वायरमन सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. लाल दिवा जातो खरा, पण मागे कुठे न्यूट्रल तुटला तर गाडीच्या बॉडीत करंट उतरतो. हा जुगाड कुणालाही करू देऊ नका.

15 अँपिअरच्या पॉइंटला मीटरपासून थेट 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर हवी. 7.2 किलोवॉटचा वॉल चार्जर 32 अँपिअर ओढतो. त्याला किमान 6, अंतर लांब असेल तर 10 स्क्वेअर एमएम, 40 अँपिअरचा एमसीबी (जास्त लोड आला की वीज तोडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). मीटरचा मंजूर भार आधी वाढवून घ्या. आणि हा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाइनवर चुकूनही नको. लाइट गेली की सगळा लोड इन्व्हर्टरवर येतो आणि तो बसतो.

15 अँपिअरवर 10 टक्क्यांवरून फुल व्हायला 13-14 तास लागतात. रात्री दोन-तीन तास लाइट गेली तर सकाळी 75-80 टक्केच दिसतात. गावाकडे शेतीपंप चालू असताना व्होल्टेज 180 च्या खाली उतरला तर चार्जर थांबतो. बऱ्याच गाड्यांत लाइट आल्यावर चार्जिंग आपोआप सुरू होतं, तरी झोपण्याआधी एकदा दिवा पाहून घ्यावा.

आता बिल. महिन्याला 1200 किलोमीटर चालवली तर चार्जिंगमधली 10-12 टक्के गळती धरून मीटरवर 210-220 युनिट पडतात. घराचा वापर 150 असेल तर एकूण 300 च्या वर जाऊन महावितरणचा वरचा स्लॅब लागतो, आणि ‘रुपयात किलोमीटर’ची जाहिरात तिथेच संपते. म्हणून माझं स्पष्ट मत: छत स्वतःचं असेल तर आधी सोलर, मग गाडी. 3 किलोवॉटचा संच आपल्या उन्हात महिन्याला सरासरी 350 च्या आसपास युनिट देतो, आणि पीएम सूर्यघर योजनेत त्याला 78,000 रुपये अनुदान आहे. नेट मीटर (सोलरची जादा वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वजा करणारा मीटर) असला की दिवसा गाडी घरी नसली तरी बिघडत नाही. फ्लॅटमध्ये, हक्काच्या पार्किंगशिवाय राहणाऱ्यांनी तूर्तास थांबलेलं बरं.

रेंज वेगावर ठरते. 80-85 च्या वेगाने 100 किलोमीटरला 15 युनिट, समृद्धी महामार्गावर 120 ने 20-21. म्हणजे बॅटरी 100 वरून 15 टक्क्यांपर्यंत येताना पहिल्या वेगाला 225 किलोमीटर, दुसऱ्याला जेमतेम 165. संभाजीनगर-जालना जाऊन-येऊन डोक्याला ताप नाही. पुण्याला जाताना अहिल्यानगरला आणि लातूरला जाताना बीडला थांबायचं धरूनच निघा. एसीचा धसका मात्र उगाच घेतात. 43 अंशांतही केबिन गार झाल्यावर एसी साधारण 1 ते 1.5 किलोवॉट घेतो. 1 किलोवॉट धरा: 90 च्या वेगाला 100 किलोमीटरमागे जेमतेम 1.1 युनिट, गावात 30 च्या वेगाला 3.3. म्हणजे एसी गर्दीत महाग पडतो. निघायच्या दहा मिनिटं आधी, प्लग लावलेला असतानाच केबिन गार करून घ्यावी.

उन्हाचा खरा फटका फास्ट चार्जिंगला बसतो. दुपारी दोनला हायवेवरून तापून आलेली बॅटरी 60 किलोवॉटच्या चार्जरवरही 25-30 च घेते. त्यात त्याच चार्जरच्या दुसऱ्या गनला (चार्जिंग केबलला) गाडी लागलेली असली की वीज वाटली जाते. 20 ते 80 टक्क्यांना पाऊण तास म्हणतात. मे महिन्यात सव्वा तास धरा, किंवा सकाळी लवकर निघा. निघण्याआधी अॅपवर तो चार्जर चालू आहे का बघायचं, आणि नुसतं बघून भागत नाही, चार्जर जिथे आहे त्या पेट्रोल पंपावर फोन करायचा. पंपावरच्या माणसाने मेन स्विच पाडलेला असतो आणि अॅप हिरवंच दाखवतं. दोन-तीन चार्जिंग कंपन्यांच्या अॅपमधल्या वॉलेटमध्ये 500-500 रुपये पडलेले असावेत. ओसाड ठिकाणी नेटवर्क नसताना रिचार्ज होत नाही.

एलएफपी बॅटरी आठवड्यातून एकदा 100 टक्के करावी, नाहीतर टक्क्यांचा आकडा भरकटतो आणि 12 टक्के दाखवता-दाखवता एकदम 4 वर येतो. फुल करून आठवडाभर उन्हात मात्र सोडू नका. फुल बॅटरीवर रीजेन (वेग कमी करताना मोटरने वीज परत बॅटरीत भरणं) जवळजवळ लागत नाही, हे बीडजवळच्या मांजरसुंब्याच्या घाटात लक्षात ठेवा. तिथे ब्रेकवरच भिस्त.

पुढचे टायर लवकर झिजतात, 8-10 हजारांना आलटून-पालटून लावा. स्टेपनी नसेल तर विकत घ्या. बाभळीच्या काट्याला पंक्चर किट पुरतं, ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीतून पडलेल्या लोखंडाने साइडवॉल फाटली तर ते कुचकामी. 12 व्होल्टची छोटी बॅटरी उतरली तर मोठी भरलेली असूनही गाडी उठत नाही, तेव्हा जंप केबल डिकीत असू द्या. आणि वाटेत गाडी बंद पडली तर फ्लॅटबेडच (गाडी पूर्ण वर चढवून नेणारा ट्रक) मागवा. मदतीला आलेला ट्रॅक्टरवाला दोर लावायला निघेल. त्याला आधीच थांबवा, कारण पुढची चाकं जमिनीवर फिरली की मोटर वीज तयार करते आणि कंट्रोलर जळू शकतो.