ल्युलिकोनॅझोल मलम: गजकर्णावर सहा आठवडे वापरल्यानंतर

गेल्या पावसाळ्यात जांघेत आणि कमरेभोवती उठलेल्या गजकर्णावर मी ल्युलिकोनॅझोल १ टक्का हे बुरशीनाशक मलम त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने सलग सहा आठवडे लावले. मलम चांगले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याआधी मी जी चूक केली, तीही सांगणे आवश्यक वाटते.

सुरुवातीला औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेली, तीन औषधांचे मिश्रण असलेली ट्यूब मी वापरत होतो. दोन दिवसांत खाज थांबली, लाली उतरली, आणि लावणे बंद करताच आठवडाभरात चट्टे पूर्वीपेक्षा जास्त पसरले. खोक्यावरची बारीक अक्षरे वाचली तेव्हा बुरशीनाशकाच्या जोडीला क्लोबेटासॉल हे तीव्र स्टेरॉइड असल्याचे दिसले. स्टेरॉइडने दाह दबतो, पण त्याबरोबर त्वचेची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशीला मोकळे रान मिळते. गजकर्णाची ओळख असलेली उंच, खवलेदार कडा माझ्या चट्ट्यांवरून जवळजवळ पुसली गेली होती आणि जांघेतील कातडी पातळ होऊन तिच्यावर जे लांबट व्रण उमटले, ते आजही तसेच आहेत. डॉक्टरांनी चट्ट्याचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, ती ट्यूब बंद करायला लावली आणि मगच हे मलम दिले.

ल्युलिकोनॅझोल दिवसातून एकदाच लावायचे असते आणि मला त्याने जळजळ झाली नाही. लावण्याची पद्धत मात्र नेमकी हवी. बुरशी कडेने पुढे सरकते, म्हणून अंग पूर्ण कोरडे करून चट्ट्याबाहेरच्या निरोगी दिसणाऱ्या कातडीवरही दोन सेंटिमीटरपर्यंत मलम लावावे लागते. तर्जनीच्या शेवटच्या पेराइतके मलम साधारण दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. चौथ्या आठवड्यात चट्टे दिसेनासे झाले, तरी सांगितल्याप्रमाणे पुढचे दोन आठवडे मी ते लावत राहिलो. चट्टे बरेच पसरलेले असल्याने जेवणानंतर इट्राकोनॅझोल या बुरशीनाशकाच्या गोळ्याही घ्याव्या लागल्या, त्यामुळे सगळे श्रेय मलमाला देणे योग्य होणार नाही.

पत्नीच्या दंडावरही एक लहान चट्टा होता. तिचे उपचार माझ्याबरोबरच झाले, नाहीतर घरातल्या घरात ही साखळी तुटली नसती. टॉवेल वेगळे केले, आणि पावसात दमट राहणाऱ्या पँटच्या कमरपट्ट्याला उलट्या बाजूने इस्त्री फिरवण्याची सवय लावून घेतली.

तक्रार एकच आहे: ट्यूब लहान असते आणि मोठ्या भागासाठी खर्च वाढत जातो. तरीही स्वस्त मिश्रणाच्या मोहात पडू नये. खरेदी करताना घटकांच्या यादीत क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन यांपैकी एकाही स्टेरॉइडचे नाव दिसले, तर ती ट्यूब तिथेच परत करावी.