वस्तुसंग्रहालयासाठी डेटा लॉगर : आकड्यापेक्षा आलेख कामाचा

चित्रे आणि जुन्या वस्तू ठेवलेल्या दालनासाठी आम्ही घेतलेला हा तापमान-आर्द्रता डेटा लॉगर काडेपेटीएवढा आहे, बॅटरीवर चालतो आणि दर 10 मिनिटांनी घेतलेली नोंद ब्लूटूथवरून मोबाइलमधील अ‍ॅपकडे पाठवतो. त्याच्या पडद्यावर दिसणारा चालू आकडा मात्र, माझ्या मते, सर्वांत कमी उपयोगाचा आहे.

लाकूड, कॅनव्हास, चर्मपत्र, हस्तिदंत या वस्तू हवेतील ओलावा घेतात आणि सोडतात. लाकडी फळी तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते व आकसते. तिच्यावरचा जुना, कडक झालेला रंगथर तेवढा ताण सोसू शकत नाही आणि कालांतराने त्याचे पोपडे सुटू लागतात. त्यामुळे या क्षणी आर्द्रता किती आहे, यापेक्षा ती किती आणि किती वेगाने बदलली हे कळणे महत्त्वाचे ठरते. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीतील चित्रे वेल्समधील मॅनॉड येथील खाणीत, स्थिर तापमान आणि आर्द्रता राखून ठेवली होती. तेथे रंग सुटण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले आणि 1945 मध्ये चित्रे लंडनला परतल्यावर ते पुन्हा वाढले.

लॉगरचा खरा उपयोग रात्रीच्या आलेखात दिसतो. संध्याकाळी वातानुकूलन बंद झाल्यावर दालनात काय घडते, हे एरवी पाहायला कोणीच नसते. 20 अंश सेल्सिअस तापमान आणि 50 टक्के सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्ष असलेला वाटा) असलेली हवा, बाष्प तेवढेच राहून 15 अंशांपर्यंत थंड झाली, तर आर्द्रता सुमारे 69 टक्क्यांवर जाते, म्हणजे बुरशीला पोषक पातळीच्या जवळ. बाहेरच्या थंड भिंतीवर टांगलेल्या चित्रामागे नेमके हेच होऊ शकते. हा लॉगर चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत सहज मावतो, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे.

अचूकता तपासण्यासाठी हवाबंद डब्यात खायच्या मिठाचा ओलसर लगदा ठेवून त्याला न टेकवता लॉगर एक दिवस आत ठेवला. अशा डब्यातील हवा 75 टक्क्यांवर स्थिरावते. लॉगरने 78 दाखवले. चित्रांच्या बाबतीत ही चूक फारशी आड येत नाही, कारण चढउताराचा आकार जवळपास तोच राहतो. क्लोराइडयुक्त गंज असलेल्या कांस्यमूर्तींच्या शोकेसमध्ये मात्र 3 टक्क्यांचा फरक मोठा आहे, कारण तेथे आर्द्रता 40 टक्क्यांच्या खालीच राखावी लागते. अशा वेळी मॅग्नेशियम क्लोराइड या क्षाराच्या लगद्यावर, म्हणजे सुमारे 33 टक्क्यांवर, वेगळी तपासणी करावी. ही चूक अ‍ॅपमध्ये नोंदवून आकडे दुरुस्त करण्याची सोय नाही, हे खटकते.

अ‍ॅपविषयी याहून मोठी तक्रार आहे. उघडताच ते दिवसाची सरासरी दाखवते. दिवसभरात आर्द्रता 44 ते 61 टक्क्यांत हिंदकळलेली असताना पडद्यावर निवांतपणे 52 झळकत असेल, तर त्या आकड्याचा वस्तूंचे जतन करणाऱ्या संवर्धकाला काय उपयोग? धोक्याची घंटाही मुळात 30 आणि 70 टक्क्यांवर लावलेली असून ती स्वतः बदलून घ्यावी लागते. बिझो गट या मोठ्या संग्रहालयांच्या संचालकांच्या आंतरराष्ट्रीय गटाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुतेक सेंद्रिय वस्तूंसाठी 40 ते 60 टक्के आर्द्रता आणि 24 तासांत 10 टक्क्यांपेक्षा अधिक चढउतार नाही, अशी मर्यादा आहे. या बदलाच्या वेगावर इशारा देण्याची सोयच अ‍ॅपमध्ये नाही. त्यासाठी मूळ नोंदींची फाइल उतरवून हिशेब आपणच करायचा.

धातूच्या बंद कपाटातून ब्लूटूथ पोहोचत नाही. नोंदी लॉगरच्या स्मृतीत सुरक्षित राहतात, पण त्या घेण्यासाठी कपाट उघडले की आतली हवा बदलते. त्यामुळे दालनासाठी आणि चित्रांच्या मागे ठेवण्यासाठी मी हा लॉगर नक्की सुचवीन; घट्ट बंद धातूच्या कपाटांसाठी तारेने जोडलेला संवेदक आत आणि यंत्र बाहेर, अशी रचना असलेला लॉगर घ्यावा.