सोनं बाटलीतलं की काचेवरचं?

"ताई, कायरल सोन्यावर काम करायचं एवढं ठरलंय. ई-बीमने काचेवर आकार काढू की बाटलीत कण वाढवू?" माटुंग्याच्या एका एमएस्सीच्या मुलीने फोनवर विचारलं. तेव्हा मी लोकलमध्ये होते, त्यामुळे उत्तर अर्धवटच राहिलं. ते इथे पुरं करते. कायरल म्हणजे डाव्या-उजव्या हातासारखं, आरशातल्या प्रतिमेवर तंतोतंत न बसणारं; ई-बीम म्हणजे बारीक इलेक्ट्रॉन-झोताने आकार लिहिणं. हाताशी एकच वर्ष असेल तर बाटली. तीन-चार वर्षं आणि क्लीनरूमचा (धूळमुक्त प्रयोगशाळेचा) स्लॉट असेल तर काच. फक्त सिग्नल कुठे मोठा येतो यावर निवड करू नका.

भौतिकी दोन्हीकडे एकच आहे. वर्तुळध्रुवित प्रकाशात विद्युतक्षेत्र स्क्रूच्या आट्यांसारखं फिरत पुढे जातं, एकतर डावं नाहीतर उजवं. धातूतले इलेक्ट्रॉन त्याच्या तालावर झुलतात. रचना पिळदार असली की त्यांना पिळाच्या वाटेनेच झुलावं लागतं, म्हणजे पुढे-मागे जाता जाता गोलही फिरावं लागतं. त्यामुळे विद्युत द्विध्रुवाबरोबर चुंबकीय द्विध्रुवही तयार होतो आणि एका हाताचा प्रकाश दुसऱ्यापेक्षा जास्त गिळला जातो. हा फरक म्हणजे सीडी, सर्क्युलर डायक्रोइझम. त्याला सरासरी शोषणाने भागलं की मिळतं ते जी-मूल्य, जे जास्तीत जास्त २ असू शकतं. साध्या सेंद्रिय रेणूंत ते बहुधा हजारांशाच्या घरात किंवा त्याखाली असतं. रेणू जेमतेम नॅनोमीटरभर आणि हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर, मग रेणूला लाटेचा पीळ जाणवणार कसा? शे-दीडशे नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणाला तो जाणवतो. जगदीशचंद्र बोसांनी १८९८ साली पिळलेल्या तागाने मायक्रोवेव्हचं ध्रुवणप्रतल फिरवून दाखवलं होतं, तिथेही पीळ लाटेच्या मापाला साजेसाच होता.

आता काच. २००९ साली कार्ल्सरूहच्या गटाने सोन्याच्या खऱ्याखुऱ्या स्प्रिंगा उभ्या केल्या आणि ३.५ ते ७.५ मायक्रोमीटरच्या अवरक्त पट्ट्यात एका हाताचा प्रकाश अडवून दाखवला. त्यासाठी लेसरने पोकळ साचा लिहून त्यात सोनं भरावं लागलं. नेहमीच्या ई-बीम आणि लिफ्ट-ऑफने (सोनं चढवून नको तिथलं उचलून काढण्याने) निघतो तो सपाट आकार, बहुतेक वेळा गॅमाडिऑन, म्हणजे आपलं स्वस्तिकच. इथेच मेख आहे. टॅक्सीच्या मागच्या काचेवर गणपतीचं पारदर्शक स्टिकर असतं ना, बाहेरून पाहिलं तर उजव्या सोंडेचा, आत बसून पाहिलं तर डाव्या सोंडेचा. सपाट आकाराचं तसंच होतं. स्क्रू मात्र कुठल्याही टोकाने पाहा, उजवा तो उजवाच. स्वस्तिकातून सीडी मिळते ती खाली काच आणि वर हवा, असा वर-खाली फरक असल्यामुळे.

दुसरी अडचण मापनाची. ई-बीम ठिपक्या-ठिपक्याने लिहितो, त्यामुळे आपल्या वाट्याला येतो शंभर मायक्रोमीटरचा चौकोन. सीडीच्या नेहमीच्या यंत्राचा झोत काही मिलिमीटरचा, चौकोन त्यात हरवून जातो. मग सूक्ष्मदर्शकावर ध्रुवक आणि क्वार्टर-वेव्ह प्लेट (दोन्ही मिळून प्रकाश वर्तुळध्रुवित करतात) बसवून स्वतःच मांडणी करायची. मी ती केली. देखणं शिखर आलं, ग्रुप मीटिंगमध्ये मिरवलंही. एका सीनियरने शांतपणे सांगितलं, "सॅम्पल नव्वद अंशांत फिरव." फिरवलं, आणि शिखराचं चिन्ह उलटलं! ई-बीमचा झोत नीट गोल नसल्याने माझी स्वस्तिकं एका बाजूने ताणली गेली होती. मी कायरलपणा म्हणून मोजत होते तो साधा रेषीय द्विवर्णकपणा होता, म्हणजे आडव्या आणि उभ्या ध्रुवणाच्या शोषणातला फरक. चार महिने गेले.

बाटलीत ही भानगड जवळजवळ नाही. पाण्यातले कण सगळ्या दिशांना तोंड करून गरगरत असतात, रेषीय भाग आपोआप पुसला जातो. सोलच्या की ते नाम यांच्या गटाने २०१८ साली सिस्टीन (एक अमिनो आम्ल) आणि ग्लुटाथायोन (एक छोटं पेप्टाइड) यांच्या मदतीने सोन्याच्या बीजांवर पिळदार कण वाढवले, त्यांचं जी-मूल्य ०.२ पर्यंत गेलं. स्फटिकाच्या पायऱ्यांवरच्या डाव्या कोपऱ्यांना रेणू एका तऱ्हेने चिकटतो, उजव्यांना दुसऱ्या, आणि वाढताना कडा वळते. क्युवेटमध्ये (मोजणीच्या छोट्या पारदर्शक डबीत) ओतलं की नेहमीचं यंत्र पुरतं. आरसा-जोडीही सोपी: एका बाटलीत एल-सिस्टीन, दुसरीत त्याचं आरशातलं रूप, डी-सिस्टीन. दोन्ही आलेख एकमेकांची उलटी छबी आले तरच पुढे जायचं.

पण बाटलीचेही नखरे आहेत. वाढीच्या द्रावणातलं साबणासारखं रसायन, सीटॅब, पंचवीस अंशांच्या आसपास गोठायला लागतं. एसी बावीसवर ठेवून जेवायला गेलात तर परत येईपर्यंत द्रावणात पांढऱ्या सुया. आम्ही वाढ तीस अंशांच्या पाण्यात ठेवून करायचो. शिवाय प्रत्येक घाणा थोडा वेगळा निघतो, आणि एका कणाचा आकार मनासारखा बदलणं काचेइतकं हातात नसतं.

सीडीचे आकडे वाचताना एक सांभाळा. यंत्र मिलिडिग्रीत बोलतं, ३३ मिलिडिग्री म्हणजे शोषणातला जेमतेम ०.००१ फरक. द्रावण घट्ट केलं की मिलिडिग्री वाढतात, जी-मूल्य नाही. दोन शोधनिबंध ताडून पाहताना जी-मूल्यच बघा.

डीएनए ओरिगामीवर (घड्या घालून आकार दिलेल्या डीएनएवर) सोन्याचे मणी चढवण्याचा २०१२ चा मार्ग सुंदर आहे, पण गाइडकडे डीएनएची तयारी आधीच असेल तरच. चांदीच्या नादी लागू नका. प्रतिसाद सोन्याहून जोरकस मिळतो, पण देव्हाऱ्यातलं निरांजन मुंबईच्या हवेत कसं काळवंडतं ते घरी बघितलंच असेल.

काच घ्यायचीच असेल तर आयआयटी मुंबईत बाहेरच्यांना यंत्रं वापरू देणारा इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूझर्स प्रोग्राम आहे. त्याचा अर्ज आधी भरा, आकार नंतर काढा. माटुंग्याच्या मुलीने बाटली घेतली. तिला एवढंच सांगितलं, डी-सिस्टीन पहिल्याच ऑर्डरमध्ये मागव.